गाडग्यातलं इन्सुलिन

बाबा, पन्नासाव्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसले आणि पास झाले. तुम्ही असता तर आधी मला विचारलं असतं, "काहून बाई, पहिली डिग्री जुनी झाली काय?" आणि मग दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं असतं, खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आलेल्या माणसालाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. अकोटचं आपलं औषधाचं दुकान अजून तिथंच आहे. फरशी बदलली, काउंटर बदललं, समोर काचेच्या दाराचा उंच फ्रीज आला. पाटी मात्र तीच ठेवली आहे, फक्त दोनदा रंगवून घेतली. मी अमरावतीहून बी.फार्म. होऊन घरी आले त्या आठवड्यात तुम्ही पेंटरला बोलावून दुकानाच्या नावापुढे "आणि मुलगी" असं लिहून घेतलं होतं. शेजारचे कापडवाले काका बाहेर येऊन म्हणाले होते, "अँड सन्स लिहितात जी, भाऊ." तुम्ही शिडीकडे बघत म्हणालात, "सन नाई मले. पोट्टी हाय, ते बी डिग्रीवाली. पेंटर, 'मुलगी' जरा मोठ्या अक्षरात काढ." मी आत गोळ्यांच्या पट्ट्या लावत होते. लाजेनं बाहेर आले नाही, पण ऐकत सगळं होते.

तर हा अभ्यासक्रम. मधुमेहाच्या उपचारांचा, पदवीनंतरचा, वर्षभराचा आणि सगळा ऑनलाइन. डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट, कोणालाही करता येतो. मला त्याची जाहिरात फोनवर दिसली आणि मी ती पुढे सरकवून दिली. तुमची नात तेव्हा सुट्टीसाठी अमरावतीहून घरी आलेली. तिनं ती मागे आणली आणि माझ्यासमोर बसून अर्ज भरला. "आई, तू दिवसभर लोकांना साखरेबद्दल सांगत असतेस. आता वर्षभर कोणीतरी तुला सांगू दे," म्हणाली. तुमच्या जावयांनी, म्हणजे आमच्या शाळामास्तरांनी, मला एक कोरी वही आणून दिली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या सुंदर अक्षरात विषय लिहून दिला. त्यांच्या दृष्टीनं अर्धा अभ्यास तिथंच झाला होता.

पहिल्या वर्गाला मी दुकानातूनच बसले, काउंटरच्या मागे, लॅपटॉप खोक्यांवर ठेवून. मुंबईच्या एक ज्येष्ठ डॉक्टर मॅडम शिकवत होत्या. पडद्यावर तीस-चाळीस चौकोनी चेहरे, बहुतेक तरुण. मॅडम गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगत होत्या आणि नेमके त्याच वेळी एक आजोबा दुकानात आले. माझा माइक चालू आहे हे मला ठाऊक नव्हतं. साऱ्या वर्गानं ऐकलं, "आजोबा, ही गोळी जेवनाच्या पहिल्या घासासोबत घ्या जी. उपाशीपोटी घ्याल तं दिवसभर पोट धरून बसाल." मग आजोबांचा आवाज, "जेवन कितीक वाजता करू, ते बी तूच सांगून दे." मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "हे कोण बोललं?" मी घाबरून लॅपटॉप मिटवायला निघाले. तर मॅडम हसून म्हणाल्या, "मिटवू नका. मी वीस मिनिटं जे सांगत होते ते तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत." पुण्याचा एक तरुण डॉक्टर आमच्या गटात होता, त्याला तेव्हा हसू आवरलं नाही. पण ते माझ्या बोलण्याच्या धाटणीला होतं, हे मला कळलं. अमरावतीच्या कॉलेजात पहिल्या वर्षी शहरातल्या मुलीही असंच हसायच्या. पन्नासाव्या वर्षी तेच ऐकताना मला राग न येता गंमत वाटली, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

हिवाळाभर मी शिकत राहिले. रोज संध्याकाळी एक तास आणि रविवारी सकाळी दोन. किडनी, डोळे, पायांच्या जखमा, गरोदरपणातली साखर. पुष्कळ गोष्टी नव्या होत्या, पुष्कळ आपल्याला काउंटरवर उभं राहून आधीच माहीत होत्या, फक्त त्यांना इंग्रजी नाव आहे हे ठाऊक नव्हतं. एप्रिलच्या शेवटी मॅडमनी काम दिलं. म्हणाल्या, "तुमच्या भागातल्या दहा घरांत जा आणि इन्सुलिन कुठं ठेवतात ते डोळ्यांनी बघून या. सांगतील ते लिहू नका, दिसेल ते लिहा." मी मनात म्हटलं, यात बघायचं काय? मी तर प्रत्येक बाटली देताना विचारते, "फ्रीज आहे ना?" आणि प्रत्येक जण म्हणतो, "हाव जी, आहे."

तेव्हा मला तुमचा तो ओरडा आठवला. मी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले आहे. दुपारची वेळ आहे, तुम्ही आत जेवताय आणि दुकान माझ्या हाती आहे. एक माणूस घाईघाईनं येतो, त्याची एसटी सुटायची आहे. मी बाटली कागदात गुंडाळून देते, तो जातो. तुम्ही हात पुसत बाहेर येता. "काय नेलं त्यानं?" इन्सुलिन. "इचारलं काय, ठेवते कुठी?" मी म्हणते, फ्रीजमध्ये ठेवा म्हणून सांगितलं ना. तुम्ही माझ्याकडे असे बघता की मी बाटली नाही, विंचू दिला त्याच्या हातात. "त्याच्या गावात लाइट कवा असते, मालूम हाय तुले?" एवढं म्हणून तुम्ही मागच्या खोलीतून एक लहान गाडगं आणि एक मोठं मडकं उचलता, आणि भर उन्हात, डोक्याला दुपट्टाही न बांधता, स्टँडकडे चालायला लागता. मी दुपट्टा घेऊन तुमच्यामागं धावते.

एसटी सुटली होती. तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहिलात, दोन्ही हातांत मडकी वर धरून. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं, तुमच्या हातातली मडकी बघितली आणि एकदम नरम आवाजात विचारलं, "काका, कोन गेलं जी?" तुम्ही म्हणालात, "कोनी नाई गेलं. जाऊ नये म्हनूनच आलो." आणि तुम्ही गाडीत चढलात. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत हे गाडगं, गाडग्यात बाटली, वरून ओलं फडकं, आणि सारं सावलीत, वारा लागेल तिथं. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. तुम्ही त्या माणसाकडून दोनदा वदवून घेतलंत आणि अख्खी गाडी शांत बसून ऐकत होती. मागच्या सीटवरच्या एका बाईनं तर विचारलंही, "भाऊ, याच्यात दही चांगलं राहीन काय?" मी खाली धुळीत उभी होते आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं वाटत होतं. परतताना तुम्ही चिडलेले नव्हता. दुपट्टा डोक्याला गुंडाळत म्हणालात, "आपल्या हातून सुटलं म्हनजे काम संपलं असं नसते बाई. दवाई त्याच्या घरी जाऊनबी दवाईच रायली पाहिजे."

तुम्ही गेल्यावर दोन-तीन वर्षं मी गाडगी देत होते. मग घरोघरी फ्रीज आले, दुकानाचं काम काढलं, आणि मागच्या खोलीतली उरलेली गाडगी मी अंगण झाडणाऱ्या बाईंना देऊन टाकली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. काचेच्या फ्रीजशेजारी मडकी कशी दिसतील?

मे महिन्यात मी स्कुटीवर निघाले. डोक्याला पांढरा दुपट्टा, पाण्याची बाटली, वही आणि एक साधं थर्मामीटर, खोलीचं तापमान दाखवणारं. आपल्याकडचा मे म्हणजे तुम्हाला काय सांगायचं. पहिल्या घरी इन्सुलिन तांदळाच्या डब्यात होतं. दुसऱ्या घरी देव्हाऱ्यात, कारण तिथं हात लागत नाही. एका घरी पत्र्याच्या पेटीत, पेटी पत्र्याच्या छपराखाली. एका गुरुजींच्या घरी ते बरोबर फ्रीजच्या दारात होतं, पण त्या बाजूची लाइट सकाळपासून गेलेली आणि आतलं लोणी पातळ झालेलं. ज्यांच्याकडे फ्रीज नव्हता त्या प्रत्येकानं मला दुकानात "हाव जी" म्हटलेलं होतं. कोणाला चारचौघांत "नाही" म्हणायला आवडतं? तुम्ही कधीच "फ्रीज आहे का" असं विचारत नव्हता. तुम्ही विचारायचा, "ठेवता कुठी?" त्याचं उत्तर हो-नाही देताच येत नाही. इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी उभी राहिले आणि हा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

सातवं घर अकोटच्या पुढे एका गावात होतं. शेतकरी कुटुंब, अकरा वर्षांची मुलगी, तिला सात महिन्यांपासून इन्सुलिन चालू. तिची बाटली दर महिन्याला माझ्याच दुकानातून जायची. साखर काही केल्या खाली येत नव्हती. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी डोस तीनदा वाढवला होता आणि शेवटी आईला स्पष्ट विचारलं होतं, मुलीला लपून गोड काही देता का? त्या दिवसापासून घरात आईशी कोणी धड बोलत नव्हतं. गुळाच्या डब्याला कुलूप होतं. मी बाजेवर बसले आणि विचारलं, "बाई, औषध ठेवता कुठी?" तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "शेजारच्या काकूच्या फ्रीजात जी. एकदम वरच्या खान्यात, बर्फाच्या. तुमीच सांगितलं होतं नं, थंड ठेवा म्हनून. मी बर्फाखाली दाबून ठेवते, टोचायच्या आधी काढून पातळ होऊ देते."

बाबा, मी वही बाजूला ठेवली. मी बाटली आणायला सांगितली. तळहातांत फिरवली, उजेडात धरली. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते, दही फाटल्यासारखे. इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. पुन्हा वितळलं तरी त्यात पहिल्यासारखा जीव येत नाही. ती मुलगी सात महिने रोज दोन वेळा सुई टोचून घेत होती आणि तिच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच जात होतं. आणि "थंड ठेवा" हे शब्द माझे होते.

त्या बाईला मी तिथंच सांगितलं, सासू-सासरे, नवरा, सगळ्यांसमोर. "यांनी काही चोरून दिलेलं नाही. औषध बर्फानं मेलं. आणि बर्फात ठेवू नका हे सांगायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही. चूक माझी आहे." सासूनं आधी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. मग उठून आत गेली आणि गुळाच्या डब्याचं कुलूप काढून खुंटीला अडकवलं. सून पदरात तोंड लपवून रडली, आणि मुलगी म्हणाली, "आई, आता काहून रडते? आता तं तू जितली." त्यावर सगळेच हसले.

नवी बाटली द्यायच्या आधी मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. कारण वाढलेला डोस त्या मेलेल्या औषधावर वाढलेला होता. चांगलं औषध त्याच डोसानं टोचलं असतं तर पोरीची साखर धाडकन खाली आली असती. डॉक्टर आधी वैतागले. "तुम्ही फार्मासिस्ट ना? डोसचं मी बघतो." मी म्हटलं, "बघायला पाहिजेच सर, म्हणूनच फोन केला. बाटली माझ्या हातात आहे, गोठलेली आहे." मग म्हणाले, "उद्याच पोरीला घेऊन या. सोबत तुम्हीही या." आम्ही गेलो. त्यांनी बाटली उजेडात बघितली, डोस अर्ध्याहून खाली आणला, पोरीला दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि त्या आईला म्हणाले, "ताई, मी तुम्हाला विचारलं ते चुकलं माझं." तीन आठवड्यांनी पोरीची साखर आटोक्यात आली होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, आता रात्री लघवीले चार चार वेळा उठावं लागत नाई, झोप पुरते."

अकोल्याहून परतल्या आठवड्यातच मी कुंभारपुऱ्यात गेले होते. तुमचा कुंभार आता नाही, त्याचा मुलगा चाकावर बसतो. मी पंचवीस लहान गाडगी मागितली तर म्हणाला, "ताई, संक्रांत तं जानेवारीत झाली. मे महिन्यात वाण देता काय?" मग सारं सांगितल्यावर त्याला आठवलं. "तुमचे बाबा न्यायचे. माझा बाप म्हनायचा, मेडिकलवाला कायचं लोनचं घालते एवढं?" मी दुकानाच्या मागच्या खोलीत वाळू भरून मडकं लावलं, आत थर्मामीटर ठेवलं, आणि महिनाभर दिवसातून तीन वेळा वहीत आकडे लिहिले. बाहेर पंचेचाळीसच्या घरात, पत्र्याखालच्या कपाटात एकोणचाळीस-चाळीस, गाडग्यात सत्तावीस-अठ्ठावीस. चालू बाटली महिनाभर टिकायला तेवढं पुरतं. शेजारचे कापडवाले काका आता ऐंशीचे आहेत. ते रोज येऊन विचारायचे, "आज गाडग्याले ताप किती?"

शेवटच्या सादरीकरणाला मी ते मडकं उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवलं. तुमची नात मागे उभी राहून लॅपटॉप सांभाळत होती. मी माझ्या पद्धतीनं, माझ्या बोलीत बोलले. पुण्याच्या डॉक्टरनं हात वर केला, म्हणाला, "मॅडम, पण आता प्रत्येक घरात फ्रीज असतो ना?" माझ्या तोंडून सरळच गेलं, "फ्रीज असते डॉक्टरसाहेब. लाइट नसते." सगळा वर्ग हसला, तोही हसला. नंतर त्यानंच फोन करून वाळू किती बारीक लागते ते विचारून घेतलं. त्याच्या साताऱ्याकडच्या आजीकडे करून बघायचं होतं म्हणे. मॅडमनी मात्र खोदून प्रश्न विचारले. पावसाळ्यात हवा दमट झाली की हे मडकं तितकं थंड राहील का? नाही राहणार, मी म्हटलं, पण तेव्हा बाहेरही एवढं ऊन नसतं, आणि पाऊस लागला की मी पुन्हा आकडे घेणार आहे. न उघडलेल्या बाटल्यांचं काय? त्या दुकानाच्या फ्रीजमध्ये, एका वेळी एकच घरी. मग त्यांनी विचारलं, "ही कल्पना कोणाची?" माझ्या वडिलांची. "अच्छा. डॉक्टर होते का ते?" मी म्हटलं, "नाही मॅडम. अकोटला आमचं औषधाचं दुकान आहे. ते फार्मासिस्ट होते." निकाल पंधरा दिवसांनी आला. घरात पेढे आणायचे की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली, शेवटी आणलेच.

हे पत्र कुठं टाकता येत नाही, म्हणून एक गोष्ट लिहायची हिंमत होते आहे. "डॉक्टर होते का ते?" हा मॅडमचा प्रश्न मला पहिल्यांदा आलेला नव्हता. अमरावतीच्या होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीतल्या मुलीनं तेच विचारलं होतं, आणि मी तिला म्हटलं होतं, हो, माझे बाबा डॉक्टर आहेत. तिचे वडील वकील होते, पलीकडच्या खोलीतलीचे प्रोफेसर. दुसऱ्या महिन्यात तुम्ही चिवड्याचा डबा घेऊन मला भेटायला आलात. ती खाली येऊन तुमच्या पाया पडली आणि म्हणाली, "डॉक्टरकाका, माझं डोकं फार दुखतं, रोज दुपारी." तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत. मग तिला म्हणालात, "सकाळी जेवन न करता कॉलेजले जाते काय? मग दुखनच. आठ दिवस पोटभर जेवून जा, पानी पी, अन् डोये तपासून घे." ती खूश होऊन वर गेली. तुम्ही एसटीत बसेपर्यंत माझ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करत राहिलात. आठवड्यानं तुमचं पोस्टकार्ड आलं. घरचं सगळं क्षेम, आणि खाली एक ओळ, "मैत्रिणीचं डोकं थांबलं का, कळव." मी त्या कार्डाला उत्तर लिहिलंच नाही. उत्तर लिहायचं तर माझ्या बाबांना लिहायचं, की मी खोटाच उभा केलेल्या डॉक्टरला, हे मला कळेना.

थांबलं होतं, बाबा. चार दिवसांतच थांबलं होतं. ती होस्टेलभर तुमचं नाव सांगत फिरत होती, आणि तरीही मी तिला खरं सांगितलं नाही.